विडीचा धूर व शरीरांतील पेशी

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागांत दुपारच्या वेळीं गेल्यास उंबऱ्यापाशीं मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसलेल्या माउल्या घरोघर दिसतात. टेंभुर्णीचें पान कापावें, त्यांत चिमूटभर तंबाखू भरावी, वळावें व दोऱ्यानें बांधावें, असें त्यांचें काम दिवसभर चालतें. या श्रमांवर कित्येक कुटुंबांची चूल पेटते. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांची शाळेची फीही याच कमाईंतून भरली गेली असेल. म्हणून वळणाऱ्या हातांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. ती विडी पेटल्यावर तिचा धूर ओढणाऱ्याच्या शरीरांत काय करतो, एवढेंच आम्ही शास्त्राच्या आधारें सांगूं इच्छितों.

तंबाखू ही मूळची अमेरिका खंडांतील वनस्पति. पोर्तुगीजांनीं ती इकडे आणिली. इ. स. 1605 च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असद बेग हा आपल्या शेजारच्या विजापुरास गेला असतां त्यानें ती तेथें पाहिली व बादशहास नजर केली. बादशहानें झुरके घेतांच दरबारच्या हकिमानें हरकत घेतली, असें तो लिहितो. त्या हकिमाजवळ सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतें. आज तें आपणांजवळ आहे.

आपण घेतलेली हवा श्वासनलिकेच्या लहान लहान फांद्यांतून शेवटीं वायुकोशांत पोहोंचते. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे वायुकोश 30 कोटींच्या घरांत किंवा त्याहूनही अधिक असतात. त्यांच्या भिंती इतक्या पातळ कीं, प्राणवायु त्यांतून सहज रक्तांत उतरतो. श्वासनलिकेच्या अस्तरांतील पेशींस अतिसूक्ष्म केंस असतात. जोंधळ्याचें शेत वाऱ्यानें डोलावें तसे ते एकसारखे हलतात व धूळ आणि जंतु अडकलेला कफ घशाकडे लोटीत राहतात. तंबाखूच्या धुरानें हे केंस प्रथम मंदावतात, मग आंखूड होतात व पुढें त्या पेशीच मरतात. कफ मात्र पूर्वीपेक्षां अधिक होऊं लागतो. झाडणारा उरला नाहीं म्हणून तो खोकूनच बाहेर काढावा लागतो. पहांटे शेजारच्या घरांतून ऐकूं येणारा खोकला पुष्कळदां तो हाच.

धूर वायुकोशांपर्यंत गेला म्हणजे रक्तांतील पांढऱ्या पेशी तेथें धांवून येतात. त्या जे पाचक रस सोडतात ते वायुकोशांचे लवचिक तंतूही खाऊन टाकतात. या रसांस आवर घालणारें एक प्रथिन शरीरांत असतें. पण धूर त्यासच दुबळें करतो. भिंती फुटून अनेक लहान कोशांचा एक मोठा, ढिला कोश बनतो व हवा आंतच अडकून राहते. असा मनुष्य दहा पायऱ्या चढतांच धापा टाकूं लागतो. फुटलेली भिंत पुन्हां उभी राहत नाहीं.

याहून खोल घाव पेशीच्या केंद्रकांत बसतो. धुरांत बेंझोपायरीन नांवाचें द्रव्य असतें. शरीर तें बाहेर टाकण्यासाठीं त्याचें रूप बदलूं पाहतें आणि त्या खटाटोपांत तें अधिकच घातक होऊन डीएनएस चिकटतें. पी-53 नांवाचा जनुक बिघडलेल्या पेशीस वाढूं देत नाहीं. तो जणू गांवचा जागल्याच होय. 1996 सालीं संशोधकांस असें आढळलें कीं, हें द्रव्य या जनुकावर ज्या ठिकाणीं चिकटतें, नेमके त्याच ठिकाणीं फुप्फुसाच्या कर्करोगांत वारंवार बिघाड झालेले असतात. धूम्रपान व हा कर्करोग यांचा संबंध डॉल व हिल यांनीं इंग्लंडांत 1950 सालींच रोग्यांच्या माहितीवरून दाखविला होता. त्याचा दुवा असा पेशीच्या पोटांत सांपडला.

आतां हृदयाकडे वळूं. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायु रक्तांतील तांबड्या द्रव्यास प्राणवायूहून दोनशें पटींनीं अधिक घट्ट धरतो व प्राणवायूची जागा अडवितो. त्याच वेळीं निकोटीन हृदयास अधिक वेगानें चालावयास लावतें. बैलाची वैरण कमी करावी आणि नांगर मात्र अधिक ओढावयास लावावा, असा हा प्रकार आहे. रक्तवाहिन्यांच्या आंतील अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून वाहिनी सैल ठेवितात. या शोधासाठीं 1998 सालीं तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. धूर या अस्तरास इजा करतो. मग भिंतींत चरबी सांचते व रक्तकणिका एकमेकींस चिकटूं लागतात. एखाद्या दिवशीं तेथें रक्ताची गांठ बनते व हृदयाच्या स्नायूचा पुरवठा तुटतो. मेलेल्या स्नायूच्या जागीं केवळ वण उरतो.

विडींत तंबाखू थोडी व पान झाडाचें, म्हणून ती निरुपद्रवी, असा समज आढळतो. परंतु तें पान सच्छिद्र नसतें. विडी वारंवार विझते व ओढणारा ती जोरानें, पुन्हां पुन्हां ओढतो. 2008 सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतांतील एका मोठ्या पाहणींत विडी ओढणाऱ्या पुरुषांचें आयुष्य सरासरी सुमारें 6 वर्षांनीं व सिगारेट ओढणाऱ्यांचें सुमारें 10 वर्षांनीं घटलेलें दिसलें. सहा वर्षें म्हणजे नातवाच्या बारशापासून तो शाळेंत पहिलें पाऊल टाकीपर्यंतचा काळ होय.

तरी आशेस जागा आहे. विडी सोडल्यावर एकदोन दिवसांत कार्बन मोनॉक्साइड रक्तांतून निघून जातो. कांहीं महिन्यांत श्वासनलिकेंतील केंस पुन्हां कामास लागतात. एका वर्षानें हृदयरोगाचा वाढलेला धोका सुमारें निम्म्यावर येतो. वायुकोश परत मिळत नाहींत, पण उरलेले वांचतात.

विडी वळणाऱ्या मातांस आमची एक विनंति आहे. तंबाखूची धूळ श्वासाबरोबर आंत जाते व निकोटीन कातडींतूनही शरीरांत शिरतें. यास्तव सूप तान्ह्या मुलांपासून दूर ठेवावें, तंबाखू निजण्याच्या खोलींत ठेवूं नये व स्वयंपाकास बसण्यापूर्वीं हात साबणानें धुवावे.

विद्यार्थिमित्रहो, वडील माणसांस उपदेश करणें तुम्हांस शोभणार नाहीं. परंतु हा लेख सायंकाळीं घरीं मोठ्यानें वाचून दाखविण्यास कोणाची हरकत नसावी. 2006 सालीं कुंभारी येथें विडी कामगार स्त्रियांच्या 10,000 घरांची, गोदूताई परुळेकरांच्या नांवाची वसाहत उभी राहिली. स्वतःचें घर मिळविण्याची ज्या मातांनीं एवढी जिद्द धरली, त्यांच्या मुलामुलींस दुसरा धंदा शिकतां यावा यासाठींच शाळा आहे. तुम्ही विद्या घ्या, आणि पहिली विडी कोणी पुढें केली तर ती घेऊं नका. न पेटलेली विडी सोडणें सर्वांत सोपें असतें.