यंत्रातले विरजण

दूध विरजताना आई काय करते ते तुम्ही पाहिलेच असेल. आजच्या दह्यातले चमचाभर दही ती वेगळ्या वाटीत काढून ठेवते. उद्या पातेलेभर दूध नासले, तरी वाटीतले विरजण शाबूत असते आणि पुन्हा दही लावता येते. हीच युक्ती संगणककक्षातल्या एका पेटीत वापरलेली असते. तिचे नाव नेटवर्क स्विच.

स्विच म्हणजे येथे दिव्याचे बटण नव्हे. खोलीतल्या सर्व संगणकांच्या तारा या पेटीत येतात. टपाल कचेरीत पत्ता पाहून पत्रे ज्या त्या गावाच्या थैलीत टाकतात, तसा हा स्विच आलेला संदेश नेमक्या संगणकाकडे पाठवतो. हे काम कसे करायचे ते सांगणारी एक आज्ञावली त्याच्या पोटात कायम मुक्कामाला असते. तिला फर्मवेअर म्हणतात. तीत सुधारणा झाली की जुनी पुसून नवी लिहितात.

गेल्या वर्षी धाराशिवला आमच्या महाविद्यालयात मी एका संध्याकाळी हेच काम करत होतो. अर्धे काम झाले आणि वीज गेली! बॅटरीचा संच जुना झालेला, त्यानेही साथ दिली नाही. वीज परतली तेव्हा स्विचचा एकच दिवा लुकलुकत होता, बाकी सारे अंधारात. दुसरा दिवस शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा. शेजारी उभा असलेला विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, स्विच गेला."

खरेच गेला होता का? आत काय घडले ते पाहू.

फर्मवेअर ज्या स्मृतीत राहते तिला फ्लॅश स्मृती म्हणतात. जपानचे फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. तिच्या प्रत्येक कणात विद्युतरोधक थरांनी वेढलेला एक सूक्ष्म कप्पा असतो. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की ० आणि काढून घेतले की १. थर रोधक असल्यामुळे वीज बंद केली तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन जागच्या जागी राहतात. मात्र या स्मृतीत नवे लिहिण्यापूर्वी जुना भाग पूर्ण पुसावा लागतो, म्हणजे सर्वत्र १ करावे लागतात. पुसणे आणि लिहिणे यांच्या मध्येच वीज गेली, तर जुनी आज्ञावलीही नाही आणि नवीही नाही!

पण स्विच बनवणारे हे ओळखून असतात. ते स्मृतीचा एक छोटा भाग राखून ठेवतात आणि नेहमीच्या बदलात त्याला हात लावत नाहीत. हेच आपले विरजण! या भागातल्या आज्ञावलीला बूट लोडर म्हणतात. वीज येताच प्रथम ती जागी होते. ती मोठ्या फर्मवेअरची तपासणी करते. ते ठीक असेल तर कारभार त्याच्या हाती सोपवते, नसेल तर तेथेच थांबून आपल्या आज्ञेची वाट पाहते. आमचा स्विच मेला नव्हता, वाट पाहत होता.

त्याच्याशी बोलायचे कसे? नेटवर्क चालवणे हे मोठ्या फर्मवेअरचे काम, त्यामुळे नेहमीच्या तारेने उत्तर मिळेना. पण स्विचला कन्सोल नावाचे वेगळे छिद्र असते. त्यातून एकामागून एक बिट जातात. तेथे तार जोडून आम्ही लॅपटॉपवर सेकंदाला ९,६०० बिट हा वेग ठरवला. पडद्यावर अक्षरे उमटली!

आता थोडे गणित. नवी फाइल ८ मेगाबाइटची, म्हणजे ८ × १०२४ × १०२४ = ८३,८८,६०८ बाइट. एका बाइटचे ८ बिट, शिवाय आरंभ व शेवट दाखवणारे २, असे १० बिट पाठवावे लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. भागाकार करा: सुमारे ८,७३८ सेकंद, जवळजवळ अडीच तास! बूट लोडरला आज्ञा देऊन आम्ही वेग बारापट, १,१५,२०० केला. लॅपटॉपचाही तेवढाच केला. वेळ आली सुमारे बारा मिनिटांवर. प्रत्यक्षात थोडी अधिक लागली. का ते पाहा.

फाइल पाठवण्याची पद्धत होती एक्समोडेम. अमेरिकेतील वॉर्ड ख्रिस्तेन्सेन यांनी ती १९७७ मध्ये तयार केली. तीत १२८ बाइटचा एकेक गठ्ठा जातो आणि सोबत त्याची बेरीज जाते. बेरीज २५६ ने भागून उरणारी बाकीच तेवढी पाठवतात. स्विच स्वतः बेरीज करतो. जुळली तर "पोहोचला", नाही तर "पुन्हा पाठवा" असे कळवतो. आमच्या फाइलचे असे ६५,५३६ गठ्ठे झाले. शेवटचा गठ्ठा पोहोचला, स्विच पुन्हा सुरू केला आणि एकेक करून सारे दिवे लागले. दुसऱ्या दिवशी मुलांचे अर्ज वेळेत गेले.

असे प्रसंग मोठ्या प्रमाणावरही येतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. मुंबई विमानतळावरही काही प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली. तेथेही उपाय याच जातीचा होता: संगणक कमीत कमी आज्ञावलीवर सुरू करायचा आणि दोषी फाइल काढून टाकायची. जानेवारी २००४ मध्ये मंगळावरची स्पिरिट ही गाडी फ्लॅश स्मृतीतील घोटाळ्यामुळे पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागली. तेथे तार घेऊन कोण जाणार? फ्लॅश स्मृती न वाचताच सुरू हो, अशी आज्ञा पृथ्वीवरून पाठवली गेली. पुढे ती गाडी २०१० पर्यंत संदेश पाठवत राहिली.

चूक मात्र माझी होती, हे सांगायला हवे. बॅटरी तपासल्याशिवाय आणि मुदतीच्या आदल्या दिवशी असे काम काढू नये. फाइल त्याच नमुन्याच्या स्विचची आहे ना, हे पाहावे. आणि यंत्र गप्प झाले की "गेले" म्हणण्यापूर्वी त्याचा कोणता भाग अजून जागा आहे, ते शोधावे.

आता तुमच्यासाठी एक कोडे. २००, १००, ५० आणि ७ यांची बेरीज ३५७; २५६ ने भागल्यास बाकी १०१. वाटेत २०० चे २०१ झाले तर बाकी १०२ येईल आणि चूक पकडली जाईल. पण अशीही चूक होऊ शकते की जी या बेरजेला कळणारच नाही. ती कोणती? वहीत मांडून पाहा.