एकाच वहीत छाती आणि मन
जुना फुफ्फुससंसर्ग आणि नैराश्य असलेल्या आईवडिलांना घरी सांभाळण्याची कृती

क्षयाची औषधं पूर्ण होतात, थुंकीत जंतू नाहीत असा रिपोर्ट येतो, तरी पुष्कळांचा खोकला जात नाही. क्षयाने श्वासनलिकांच्या भिंती खराब झालेल्या असतात. त्या कायमच्या रुंद आणि सैल होतात आणि कफ वर ढकलण्याची त्यांची ताकद जाते. साठलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते, सुजेमुळे नलिका आणखी खराब होतात. या आजाराला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. भारतातल्या ३१ केंद्रांतल्या २,१९५ रुग्णांच्या नोंदी २०१९ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत सर्वांत जास्त आढळलेलं कारण जुना क्षय हेच होतं, साधारण तिघांत एकाला.

या आजाराबरोबर मनही खचतं. खोकल्यामुळे लग्नकार्याला जाणं सुटतं, चारचौघांत थुंकायची लाज वाटते, रात्रीची झोप मोडते. मन खचलं की पहिल्यांदा श्वासाचा व्यायाम बंद पडतो, मग वाफ, मग जेवण. कफ साठतो आणि छाती पुन्हा भरते. छातीचे आणि मनाचे डॉक्टर वेगळे असले तरी घरातली वही एकच हवी, ती यासाठी. खाली ‘आई’ म्हटलं आहे. वडिलांनाही हेच लागू आहे.

हाताशी काय हवं

- शंभर पानी वही
- बेडक्यासाठी झाकणाचं पारदर्शक भांडं
- ऑक्सिमीटर, थर्मामीटर, वजनकाटा
- डॉक्टरांनी लिहून दिलेला पंप, स्पेसर आणि नेब्युलायझर
- सगळ्या गोळ्यांची एकच यादी, मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांसह
- दर्शनी भिंतीवर दोन नंबर: रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६ (चोवीस तास, मोफत, मराठीतूनही)

१. आधी निदान पक्कं करा

‘जुना खोकला आहे’ एवढ्यावर वर्षं काढू नका. छातीचा सिटी स्कॅन आणि बेडक्याचं कल्चर झालं आहे का ते फाईलमध्ये पाहा. कल्चर दोन प्रकारचं लागतं: साध्या जंतूंसाठी आणि क्षयाच्या कुळातल्या जंतूंसाठी. क्षयासारखेच दिसणारे पण क्षयाचे नसलेले काही जंतू असतात. त्यांची औषधं वेगळी असतात आणि कल्चर निगेटिव्ह झाल्यानंतरही साधारण वर्षभर घ्यावी लागतात. अझिथ्रोमायसिन महिनोन्‌महिने सुरू करण्याआधी ही तपासणी झालेली असावी, कारण असे जंतू असताना ते एकटंच दिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात.

आईला पूर्वी क्षय होऊन गेला असेल तर सीबीनॅट ही क्षयाची तपासणी मेलेल्या जंतूंमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी घाबरून न जाता ‘कल्चर करून खात्री करू या का?’ असं डॉक्टरांना विचारा.

नमुना सकाळी उठल्या उठल्या घ्यायचा. साध्या पाण्याने चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून काढलेला घट्ट बेडकाच द्यायचा. लाळ दिली तर तपासणी वाया जाते.

क्षय आत्ताही सुरू असल्याचं निघालं, तर सरकारी नोंदणी झाल्यावर उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. माहितीसाठी निक्षय हेल्पलाईन: १८००-११-६६६६.

२. सकाळ छाती मोकळी करण्याने सुरू करा

हे काम जेवणाआधी किंवा जेवून दीड-दोन तासांनी करायचं, नाहीतर उमासे येतात. क्रम असा:

- श्वासनलिका मोकळ्या करणारा पंप आधी. मग दहा-पंधरा मिनिटं थांबायचं.
- मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझेशन लिहून दिलं असेल तर ते आता. त्याचा पहिला डोस दवाखान्यातच घ्यावा, कारण काहींची छाती त्याने आवळते.
- आई ताठ बसेल, खांदे सैल, एक हात पोटावर. सुरुवातीला अर्धा मिनिट शांत श्वास.
- मग तीन-चार खोल श्वास. प्रत्येक श्वास आत घेऊन तीन सेकंद धरायचा आणि जोर न लावता सोडायचा.
- पुन्हा अर्धा मिनिट शांत श्वास.
- आता तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ सोडतो तसा ‘हा’ करून एक-दोनदा जोराने श्वास सोडायचा. कफ वर आला की खोकून भांड्यात.

हे चक्र पंधरा-वीस मिनिटं फिरवायचं. लागोपाठ दोनदा ‘हा’ केल्यावर कफाचा आवाज आला नाही की झालं. चक्कर आली तर थांबायचं. थुंकीत रक्त असेल त्या दिवशी हा व्यायाम आणि छातीवर थापट्या मारणं बंद ठेवून डॉक्टरांना विचारायचं. अँटिबायोटिकचं नेब्युलायझेशन असेल तर ते कफ निघाल्यानंतर. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची. पहिल्यांदा हे सगळं फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

आईला एकटीला बसवून ‘व्यायाम झाला का गं?’ असं स्वयंपाकघरातून ओरडून विचारू नका. शेजारी बसा आणि तुम्हीही श्वास घ्या. नैराश्यात सुरुवात करणंच सर्वांत जड जातं, आणि शेजारी कुणी असलं की ते हलकं होतं.

३. वहीत रोज दोन ओळी

पहिली ओळ छातीची: बेडका किती चमचे, रंग पांढरा, पिवळा की हिरवा, दम किती, बसल्या जागी ऑक्सिजन किती. बरं वाटत असतानाचे आकडे आठवडाभर लिहा. ती आईची नेहमीची पातळी. बोटं गार असतील किंवा नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटर चुकीचं दाखवतो.

दुसरी ओळ मनाची: झोप कशी झाली, ताट संपवलं का, आपणहून कुणाशी बोलली का, एखादी गोष्ट आवडीने केली का. वजन आठवड्यातून एकदा.

शक्य तोवर आईनेच लिहावं. तिच्या आजाराची नोंद तिच्या हातात असली की डॉक्टरही तिच्याशी बोलतात, नाहीतर बोलणं तिच्या डोक्यावरून मुलाशी होतं.

४. मनाबद्दल सरळ विचारा

थकवा, झोप न येणं, भूक मरणं ही लक्षणं छातीच्या आजारातही असतात. त्यामुळे नैराश्य ओळखताना दोन गोष्टींकडे नीट पाहा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास आहे का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना सांगायचं. ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ हे पुन्हा पुन्हा तोंडी येणं हीसुद्धा खूण आहे.

आपल्याकडे म्हातारी माणसं ‘देवाने आता न्यावं’ असं सहज म्हणतात, म्हणून ते सोडून देऊ नका. दार लावून, शेजारी बसून विचारा: ‘आई, जीव द्यावा असं मनात येतं का गं? कसा, ते ठरवलं आहेस का?’ विचारल्याने तो विचार नव्याने मनात घातला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटं ठेवू नका. गोळ्यांचा साठा आणि शेतीची औषधं कुलपात ठेवा, १४४१६ वर फोन करा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. जिल्हा रुग्णालयातही ही सोय असते.

‘मन खंबीर ठेव’, ‘लोकांना याहून मोठे आजार असतात’ ही वाक्यं टाळा. त्यांनी दम कमी होत नाही, आई बोलायची मात्र थांबते. ‘आज जड वाटतंय ना? मी आहे इथे’ एवढं पुरे.

५. गोळ्यांची यादी दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा

ही पायरी घरच्यांशिवाय कुणी करत नाही, आणि ती चुकली तर धोका मोठा आहे.

- चिवट क्षयासाठी दिलं जाणारं सायक्लोसेरिन स्वतःच नैराश्य आणि आत्महत्येचे विचार आणू शकतं. ते सुरू झाल्यावर स्वभाव बदलला तर लगेच कळवा.
- लिनेझोलिड आणि नैराश्याच्या बऱ्याच गोळ्या एकत्र आल्या तर अस्वस्थता, थरथर आणि ताप असा गंभीर त्रास होऊ शकतो.
- अझिथ्रोमायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, बेडाक्विलिन यांच्याबरोबर एसिटालोप्राम असेल तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. ‘ईसीजी करायचा का?’ हे विचारा.
- रिफाम्पिसिनमुळे बऱ्याच औषधांचा असर कमी होतो.
- अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या श्वास मंदावू शकतात. त्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणायच्या नाहीत. खोकला दाबणारं सिरपही नाही, कारण कफ आतच राहतो.

यातली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. विचारूनच बदल करा. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला आणखी काही. बरं वाटल्यावरही ती साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात.

६. दिवसात एक काम तिचं ठेवा

मन लागेल तेव्हा काम, असं ठरवलं तर ती वेळ येत नाही. वेळ ठरवा: चारला चहा, साडेचारला अंगणात पाच मिनिटं चालणं. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. बोलताना धाप लागली तर थांबा. लसूण सोलणं, वाल सोलणं, नातवाकडून पाढे म्हणून घेणं, यांतलं एखादं काम खरोखर तिच्यावर सोपवा आणि तिच्या हातून काढून घेऊ नका. गळा असेल तर भजन म्हणू द्या. लांब ओळ म्हणताना श्वासाचाही सराव होतो. मोठ्या रुग्णालयात फुफ्फुस पुनर्वसनाचा सहा-आठ आठवड्यांचा कार्यक्रम असेल तर नाव नोंदवा. त्याने दम आणि मन दोन्ही सुधारतात.

७. घर आणि ताट

चुलीचा धूर, मच्छरांची कॉइल, अगरबत्ती, धूप आणि घरात कुणाची बिडी-सिगारेट हे सगळं बंद. देवापुढे निरांजन पुरतं. नेब्युलायझरचे भाग वापरानंतर धुऊन, माहितीपत्रकाप्रमाणे निर्जंतुक करून कोरडे ठेवा. दरवर्षी फ्लूची लस, आणि न्यूमोकोकसच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.

पोट गच्च भरलं की दम लागतो, म्हणून थोडं थोडं, पाच वेळा. अंडं, डाळ, शेंगदाणे, दही, मासळी, जे घरात चालतं ते प्रत्येक खाण्यात असावं.

ब्राँकिएक्टेसिस हा संसर्गजन्य आजार नाही, आणि क्षयसुद्धा भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो. आईचं ताट-वाटी वेगळी काढली असेल तर आजच एकत्र करा. त्या वेगळ्या वाटीने होणारी जखम कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाही.

८. छाती बिघडली तर

खोकला, कफाचं प्रमाण, कफाचा रंग, दम, थकवा, थुंकीत रक्त: यांतल्या तीन किंवा अधिक गोष्टी ४८ तास वाढलेल्या असतील तर डॉक्टरांकडे जा. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी बेडक्याचा नमुना द्या. कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो, तो पूर्ण करा. या दिवसांत थुंकीत रक्त नसेल तर व्यायाम दुप्पट वेळा, आणि मनाची ओळ अधिक बारकाईने लिहायची.

पुढच्या गोष्टींसाठी थांबू नका, १०८ ला फोन करा: ऑक्सिजन ९० च्या खाली किंवा नेहमीपेक्षा बराच कमी, ओठ निळे, वाक्य पूर्ण करता न येणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, थुंकीत चार-पाच चमच्यांहून जास्त रक्त. वृद्धांना संसर्ग झाला तरी ताप येतोच असं नाही. रक्त येत असेल आणि कोणत्या बाजूचं फुफ्फुस खराब आहे ते माहीत असेल, तर त्याच कुशीवर निजवा. घरी ऑक्सिजन असेल तर त्याचा वेग आपल्या मनाने वाढवू नका.

९. पाळी लावा आणि महिन्याने वही वाचा

रात्री जागणारी आणि दिवसा दवाखान्यात धावणारी व्यक्ती एकच असेल तर ती काही महिन्यांत स्वतः आजारी पडते, आणि बहुतेक घरांत ती मुलगी किंवा सून असते. भावंडांमध्ये वार वाटून घ्या. परगावी असणाऱ्याने औषधांचा खर्च, विम्याची कागदपत्रं आणि रोजचा एक फोन पाहावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मनाच्या आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसी काढून वाचा.

महिन्याच्या शेवटी आईबरोबर बसून वही पहिल्या पानापासून वाचा. व्यायाम बुडाल्यावर किती दिवसांनी कफ वाढला, नीट झोप लागलेल्या आठवड्यात ती किती चालली, हे तिला स्वतःला दिसू द्या. खराब झालेल्या नलिका पूर्ववत होत नाहीत, हे तिच्यापासून लपवू नका. मात्र छाती भरण्याच्या खेपा कमी होऊ शकतात आणि नैराश्य उपचाराने बरं होतं, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगा. मग पुढच्या महिन्यात काय करायचं ते तिलाच विचारा, आणि तिने सांगितलेली गोष्ट नव्या पानावर सर्वांत वर लिहा.