घरांतील संगणकांसाठीं स्विचची निवड

‘स्विच’ हा शब्द उच्चारतांच बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें भिंतीवरील दिव्याचें बटण उभें राहील. प्रस्तुत लेखांत ज्या स्विचचा विचार आम्हीं योजिला आहे तो निराळा. घरांतील अनेक संगणकांच्या केबली जेथें येऊन मिळतात, त्या लहानशा पेटीस हें नांव आहे. आतां पुष्कळ घरांत वडिलांचा संगणक, मुलांचा संगणक, प्रिंटर, टी. व्ही. अशी मंडळी जमलीं आहेत. इंटरनेट आणणाऱ्या राउटरला केबल जोडण्याच्या खांचा, म्हणजे पोर्ट, बहुधा तीन-चारच असतात. ते अपुरे पडले म्हणजे स्विच घ्यावा लागतो, आणि तो कोणता घ्यावा हें ठरविण्याचें काम वडील मंडळी पुष्कळदां शाळेंत शिकणाऱ्या मुलावरच सोंपवितात. दुकानदार देईल तें डोळे झांकून घ्यावयाचें नसेल, तर त्या पेटीच्या पोटांत काय चालतें हें थोडेंसें समजून घेतलें पाहिजे.

संगणक जोडण्याची ईथरनेट ही पद्धति १९७३ सालीं अमेरिकेंत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत, रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांच्या हातून आकारास येऊं लागली. आरंभीं सर्व संगणक एकाच केबलवर असत. पुढें ‘हब’ नांवाची पेटी आली. हबचें काम दवंडी पिटणाऱ्यासारखें. एका पोर्टांतून आलेला निरोप तो बाकीच्या सर्व पोर्टांतून ओरडून सांगे. ज्याचा असेल त्यानें घ्यावा, इतरांनीं टाकून द्यावा. दोघे एकाच वेळीं बोलले कीं दोन्ही निरोप फुकट जात व पुनः पाठवावे लागत. स्विच हा टपाल निवडणाऱ्या कारकुनासारखा आहे. प्रत्येक यंत्रास ४८ बिटांचा एक पत्ता असतो. निरोप आला कीं पाठविणाराचा पत्ता कोणत्या पोर्टावर आहे हें स्विच आपल्या कोष्टकांत टिपून ठेवतो, आणि पुढें त्या पत्त्याचा निरोप त्याच पोर्टांतून धाडतो. पत्ता ठाऊक नसेल तेव्हां मात्र त्यालाही दवंडीच पिटावी लागते. असा अनेक पोर्टांचा पहिला ईथरनेट स्विच १९९० सालीं बाजारांत आणणाऱ्या अमेरिकन कंपनीचें नांव ‘कल्पना’ असें होतें, हें वाचून आम्हांस मोठी मौज वाटली. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकीं एक होत. १९९४ मध्यें ती कंपनी सिस्कोनें विकत घेतली.

आतां निवडीकडे वळूं. पांच पोर्टांचा स्विच घेतल्यास एक पोर्ट राउटरकडे जाणाऱ्या केबलनें अडतो, उरतात चारच. म्हणून आज तीन यंत्रें असलीं तरी आठ पोर्टांचा घ्यावा असें आमचें मत आहे.

वेगाविषयीं एक शंका हटकून निघते. “घरीं येणारें इंटरनेटच सेकंदास १०० मेगाबिटांचें, मग १,००० मेगाबिटांचा, म्हणजे गिगाबिट, स्विच कशाला?” केवळ इंटरनेटपुरतें पाहिल्यास ही शंका रास्त आहे. परंतु एका खोलींतील संगणकावरून दुसऱ्या खोलींतील संगणकावर जाणारी माहिती इंटरनेटकडे जातच नाहीं. ती स्विचमधूनच परस्पर जाते. समजा, घरांतील छायाचित्रांचा १० गिगाबाइटांचा संग्रह दुसऱ्या संगणकावर उतरवावयाचा आहे. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हां १०० मेगाबिट म्हणजे सेकंदास १२.५ मेगाबाइट, आणि १०,००० मेगाबाइटांस लागले ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांहून अधिक. गिगाबिटावर हेंच काम ८० सेकंदांचें. प्रत्यक्षांत दोन्हीकडे वेळ थोडा अधिक लागतो, परंतु प्रमाण साधारणतः हेंच राहतें. याहून वेगवान, २.५ गिगाबिटांचे स्विचही मिळतात. पण दोन्ही टोकांच्या संगणकांत तितका वेग नसेल, तर ते पैसे पाण्यांत गेले असेंच समजावें.

केबलकडेही पाहावें. गिगाबिटासाठीं तिच्यांतील चारही जोड्या शाबूत लागतात; १०० मेगाबिटांस दोन पुरतात. एखादी तार तुटली कीं वेग मुकाट्यानें शंभरावर उतरतो आणि दोष बिचाऱ्या स्विचवर येतो. ‘कॅट ५ ई’ जातीची केबल १०० मीटरपर्यंत हें काम करते.

‘मॅनेज्ड’ नांवाच्या महाग स्विचमध्यें एकाच पेटीचे अनेक अलग विभाग पाडतां येतात. कचेरीस त्याचा उपयोग आहे. चौघांच्या घरीं ती व्यवस्था लावावयास कोणी बसत नाहीं. केबलमधूनच वीज पुरविणारा स्विच मात्र फाटकावर कॅमेरा लावावयाचा असून तेथें विजेची सोय नसेल तर अवश्य घ्यावा. त्याच्या २००३ सालच्या मूळ प्रमाणांत एका पोर्टामागें १५.४ वॅट मिळतात. कॅमेरे अनेक असतील तर सर्व पोर्ट मिळून किती वॅट देतो हा आंकडाही वाचावा. अभ्यासाच्या खोलींत ठेवावयाचा स्विच पंख्याशिवाय चालणारा असावा, नाहीं तर त्याची घरघर सोसावी लागेल.

साध्या स्विचमध्यें एक उणीव बहुधा असतेच. एकाच केबलचीं दोन्ही टोकें चुकून त्याच स्विचमध्यें खोंचलीं गेलीं, तर दवंडीचा निरोप गोल गोल फिरत राहतो व क्षणांत सारें घर बंद पडतें. असे फेरे तोडण्याची युक्ति रेडिया पर्लमन या विदुषीनें १९८५ सालीं शोधिली, पण स्वस्त पेट्यांत ती सहसा नसते. तेव्हां सर्व दिवे एकाच वेळीं वेड्यासारखे लुकलुकूं लागले, तर स्विच दुकानांत परत नेण्यापूर्वीं प्रत्येक केबल बोटानें धरून दुसऱ्या टोंकापर्यंत पाहून यावें.