संयोगदांडा हलका का हवा?

मोटारीच्या एंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो आणि भुजादंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, गोल फिरतो. या दोघांना जोडतो तो संयोगदांडा किंवा कनेक्टिंग रॉड. त्याचे लहान टोक दट्ट्याबरोबर वरखाली होते, तर मोठे टोक भुजेबरोबर गोल फिरते.

समजा, दट्ट्याची धाव ८० मि.मी. आहे, म्हणजे भुजेची त्रिज्या ०.०४ मीटर झाली. मिनिटाला ६,००० फेरे, म्हणजे सेकंदाला १०० फेरे होत असतील तर कोनीय वेग २ × ३.१४ × १०० = ६२८ येतो. त्याचा वर्ग करून त्रिज्येने गुणल्यास त्वरण सुमारे १५,८०० मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या १,६०० पट भरते! धावेच्या वरच्या टोकाला ते याहूनही थोडे अधिक असते. अशा वेळी वरखाली होणाऱ्या दर १०० ग्रॅम वस्तुमानामागे दांड्याला १६० किलोग्रॅम वजनाएवढे बल सोसावे लागते. फेरे दुप्पट केले तर हे बल चौपट होते.

दट्ट्या जळके वायू बाहेर ढकलून वर पोचतो तेव्हा त्याच्यावर वायूचा दाब जवळजवळ नसतो. त्याला थांबवून खाली ओढण्याचे काम एकट्या दांड्याचे. दांडा तुटतो तो बहुधा अशा ताणाने. आणि तुटलेला तुकडा एंजिनाची भिंतही फोडू शकतो.

मग दांडा जाड करावा का? नाही! जाडीबरोबर वस्तुमान वाढते आणि बलही वाढते. म्हणून रेल्वेच्या रुळाप्रमाणे त्याच्या मधल्या भागातील धातू कमी करून कडांना ठेवतात. दांडा हलका झाला की मोठ्या टोकाच्या बेअरिंगवरचा भार घटतो; बेअरिंग अरुंद करता येते आणि घर्षणही कमी होते.

परंतु काटछाटीलाही मर्यादा आहे. बेअरिंग आणि भुजा यांच्यामध्ये वंगणतेलाचा अतिशय पातळ थर असतो. मोठे टोक फार बारीक केले तर ते ताणाखाली लंबगोल होते, थर तुटतो, धातूला धातू घासतो आणि बेअरिंग जळते.

होंडा कंपनीने १९९० साली एनएसएक्स मोटारीत टायटॅनियमचे दांडे वापरले. टायटॅनियमची घनता पोलादाच्या सुमारे ५८ टक्के असते. पण तेवढ्याच बलाने ते जवळजवळ दुप्पट ताणले जाते. म्हणजे हलकेपणाबरोबर ताठपणाही सांभाळावा लागतो.

आता तुम्हीच सांगा: फेरे ६,००० ऐवजी ९,००० केले, तर बल किती पट होईल?