काचेतला समुद्र

मुलांनो, आपले कोल्हापूर समुद्रापासून दूर आहे. आंबा घाट उतरून रत्नागिरीला जायचे, तर सुमारे १३० किलोमीटर प्रवास करावा लागतो. तेथे ओहोटीच्या वेळी पाणी मागे सरते आणि काळे खडक उघडे पडतात. खडकांतल्या खळग्यांत पाणी साचून राहते. त्यात नीट पाहिले, तर एखादे फूल उमललेले दिसते. पण त्याला जरासा धक्का लागला, की त्याच्या पाकळ्या चटकन मिटतात. कारण ते फूल नव्हेच, तो एक प्राणी आहे. त्याला समुद्रपुष्प म्हणतात. त्याचे इंग्रजी नाव सी-ॲनिमोन.

समुद्रपुष्पाला डोळे नाहीत, हाडे नाहीत आणि मेंदूही नाही. त्याच्या शरीराचा खालचा भाग खडकाला चिकटलेला असतो. त्याला आपण पाय म्हणू. वरच्या बाजूला मधोमध तोंड असते. तोंडाभोवती ज्या पाकळ्या वाटतात, त्या खरे तर स्पर्शिका होत. त्यांवर दंश करणाऱ्या बारीक पेशी असतात. लहान मासा किंवा कोळंबी स्पर्शिकांना लागली, की ती बधिर होते आणि समुद्रपुष्प तिला तोंडात ओढून घेते. विदूषक मासा मात्र याच स्पर्शिकांत निर्भयपणे राहतो. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचे रक्षण करतो.

उष्ण समुद्रांतील अनेक समुद्रपुष्पांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला वाटा समुद्रपुष्पाला देते. समुद्रपुष्प त्याला राहायला जागा देते. हा एकमेकांच्या उपयोगी पडण्याचा शेजारधर्मच आहे.

अलीकडे काही लोक घरातल्या काचेच्या टाकीत खारे पाणी भरून त्यात समुद्रपुष्प ठेवतात. टाकी सुंदर दिसते. परंतु पुष्कळदा हा प्राणी थोड्याच दिवसांत मरतो. असे का होते?

याचे पहिले कारण म्हणजे घाई. टाकीतल्या प्राण्यांच्या मलमूत्रापासून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. काही जीवाणू त्याचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी घातक अशा नायट्रेटमध्ये करतात. हे जीवाणू नव्या टाकीत पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी पूर्ण स्थिर व्हायला त्याहून जास्त काळ जातो. म्हणून अनुभवी माणसे टाकी निदान सहा महिने चालवून पाहतात आणि मगच समुद्रपुष्प आणतात.

दुसरे कारण म्हणजे पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते तसेच वापरता येत नाही. शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्री टाकीसाठी मिळणारे खास मीठ मिसळावे लागते. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ, हे समुद्राचे प्रमाण होय. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम असे इतरही क्षार असतात. आता एक गंमत ध्यानात ठेवा. टाकीतले पाणी वाफ होऊन उडते, पण मीठ उडत नाही. म्हणून पाण्याची पातळी खाली गेली, तर गोडे पाणी घालावे. खारे पाणी घातले, तर खारेपणा वाढत जातो. शिवाय दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून तितकेच नवे खारे पाणी भरावे.

तिसरे कारण म्हणजे उष्णता आणि प्रकाश. पाण्याचे तापमान साधारण २५ ते २७ अंश सेल्सिअस असावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पाणी याहून तापते. अशा वेळी पाण्यावर पंख्याचा वारा सोडतात. टाकी उन्हात ठेवू नये. शैवालासाठी योग्य दिव्याचा प्रकाश रोज आठ ते दहा तास द्यावा. पाणी खेळते ठेवायला पंप लागतो. वीज गेली तर काय करायचे, याची सोयही आधीच करावी.

समुद्रपुष्प जागा बदलते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जागा आवडली नाही, तर ते हळूहळू सरकत जाते आणि पंपात अडकून त्याचे तुकडे होतात. म्हणून पंपाच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी लावतात. खडकाला चिकटलेले समुद्रपुष्प ओढून काढू नये. त्याचा पाय फाटतो. आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा लहान तुकडा दिला, की पुरे. माशांच्या औषधांत तांबे असेल, तर ते समुद्रपुष्पाला मारक ठरते.

निरोगी समुद्रपुष्पाचे तोंड मिटलेले असते आणि स्पर्शिका चिकट असतात. तोंड सैल उघडे पडले, तर ते आजारी आहे असे समजावे. अंग पांढरे पडले असेल, तर त्याच्यातले शैवाल निघून गेले आहे. मेलेले समुद्रपुष्प ताबडतोब बाहेर काढावे, नाहीतर पाणी सडून मासेही मरतात.

आता एक खरी हकिकत ऐका. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियल नावाचे निसर्ग अभ्यासक होते. १८२८ साली त्यांनी किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणले आणि काचेच्या बरणीत ठेवले. ते थंड समुद्रातले होते. त्याच्या अंगात शैवाल नव्हते. त्यामुळे त्याला दिव्याची गरज पडली नाही. मात्र समुद्राचे ताजे पाणी त्याला नेमाने मिळत असे. १८५१ साली डॅलियल वारले. तेव्हा दुसऱ्या अभ्यासकाने ती बरणी सांभाळली, त्यांच्यामागून तिसऱ्याने. लोक त्या प्राण्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, म्हणू लागले. त्याला शेकडो पिल्ले झाली. १८८७ साली ते मेले. विजेचा दिवा नाही, पंप नाही, तरी ते ५९ वर्षे बरणीत जगले! मालक गेला, पण अमानत सांभाळणारे हात बदलत राहिले.

मित्रांनो, मराठीतले कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत, पण काहींचे अर्थ बदललेले आहेत. उर्दूत ‘दर्या’ म्हणजे नदी, मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. उर्दूतल्या ‘हवस’ या शब्दात हाव आहे. मराठीतला ‘हौस’ हा शब्द त्याचाच भाऊ. पण त्याचा अर्थ आवड, उत्साह असा आहे. प्राणी पाळताना हा फरक विसरू नका. ज्याचे पाणी आपण सांभाळू शकतो, तेवढेच घरी आणणे ही हौस. दिसेल ते सुंदर घरी आणणे ही हवस.

कायद्याचेही भान हवे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. २००१ साली कठीण प्रवाळांना त्याचे संरक्षण मिळाले. समुद्रातून प्रवाळ काढणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. म्हणून टाकीत प्रवाळ नको, कृत्रिम खडक ठेवावेत. किनाऱ्यावर गेलात, तर खळग्याशेजारी बसा आणि डोळे भरून पाहा. समुद्रपुष्पाला हात लावू नका, त्याला उपटून पिशवीत घालू नका. तुम्ही निघून गेल्यावर भरती येईल आणि मिटलेले फूल पुन्हा उमलेल.

शब्दार्थ
ओहोटी – समुद्राचे पाणी मागे सरणे
भरती – समुद्राचे पाणी चढणे
दंश – डंख
बधिर – संवेदना नसलेले
शैवाल – पाण्यातील शेवाळे
मारक – जीव घेणारे
भान – जाणीव

स्वाध्याय
१. समुद्रपुष्पाला फूल का म्हणता येत नाही?
२. टाकीतील पाणी कमी झाल्यावर गोडे पाणीच का घालावे?
३. आजारी समुद्रपुष्प कसे ओळखाल?
४. ‘हौस’ आणि ‘हवस’ या शब्दांतला फरक तुमच्या शब्दांत लिहा.
५. अर्थ बदललेले, उर्दू व मराठीत सारखे असणारे आणखी शब्द शोधा.