उरलेला भात म्हशीला घालताय? आधी हे वाचा



या महिन्याचा पाठ दुभत्या जनावराच्या खाण्याचा. सुरुवात एका चुकीपासून करते, आणि त्या चुकीत माझाही वाटा आहे.

आरेतल्या एका पाड्यावर आपल्या गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून म्हैस घेतली होती. शेजारी लग्न झालं, भात आणि पुऱ्या उरल्या. दुसऱ्या दिवशी मी बैठकीला गेले, तेव्हा ताई म्हशीपुढे दोन घमेली भात ओतत होत्या. "फेकण्यापेक्षा मुक्या जनावराच्या तोंडी लागलेलं बरं," त्या म्हणाल्या. मलाही पटलं. तिसऱ्या दिवशी म्हैस गेली. हप्ते अजून चालू आहेत.

मी समाजकार्य शिकले, पण म्हशीचं पोट कसं चालतं ते मला माहीत नव्हतं. नंतर पशुवैद्यांकडून समजून घेतलं, ते सांगते.

भाताने असं का होतं?

गाई-म्हशीच्या पोटात चार कप्पे असतात. सगळ्यांत मोठं ते कोटीपोट. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. गवत, पेंढा तेच आंबवून पचवतात. म्हणजे आपण आधी त्यांना जेवू घालतो आणि मग ते म्हशीला. भात, पुऱ्या, पिठाचे गोळे एकदम भरपूर पोटात गेले, की ते झपाट्याने आंबतात. पोटात आम्ल वाढतं, चारा पचवणारे जीव मरतात आणि पोटाची हालचाल बंद पडते.

खुणा लक्षात ठेवा: जनावर चारा सोडतं, रवंथ थांबते, डावी कूस फुगते, शेण पातळ आणि आंबट वासाचं पडतं, चालताना झोक जातो. अशा वेळी घरगुती काढे पाजत बसू नका. लगेच पशुवैद्यांना बोलवा आणि काय, किती खाल्लं ते खरं सांगा. शासनाचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे.

एखादी पोळी दिली तर बिघडत नाही, बरं का. घमेलं नको. आणि भाजीची सालं देताना पिशवी आधी काढून टाका.

मग रोज किती घालायचं?

साधारण ४५० किलो वजनाची, दिवसाला ६ लिटर दूध देणारी म्हैस धरू:

- हिरवा चारा: १५ ते २० किलो
- सुका चारा (पेंढा, कडबा): ५ ते ६ किलो
- खुराक: शरीरासाठी दीड किलो, शिवाय दर २ लिटर दुधामागे १ किलो. म्हणजे साडेचार किलो, सकाळ-संध्याकाळ वाटून
- खनिज मिश्रण ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम
- स्वच्छ पाणी ६० ते ८० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त

गाय असेल तर दर अडीच लिटर दुधामागे १ किलो खुराक पुरतो.

१९४९ साली शहरातल्या म्हशी बाहेर नेण्यासाठी गोरेगावला आरे दूध वसाहत झाली. तिथे तबेल्याच्या सांडपाण्यावर पॅरा गवत जोमाने येतं, म्हणून आपल्याकडे तेच जास्त घालतात. पण नुसतं पॅरा आणि भाताचा पेंढा यांत ताकद कमी पडते. चवळीचा चारा किंवा लसूणघास मिळाला तर कापून त्यात मिसळा. नाही मिळाला तर खुराकात सरकी पेंड, तूरचुणी असू द्या.

दोन नियम पाळा. आधी चारा, मग खुराक. आणि कोणतंही नवीन खाणं ८ ते १० दिवसांत थोडं थोडं वाढवा, म्हणजे पोटातल्या जीवांना सवय होते. पावसाळ्यात कोवळं गवत आलं की त्याआधी थोडा पेंढा घाला.

पुढच्या बैठकीचा अभ्यास

आपण सगळ्या खुराक डब्याने मोजतो. पण पेंडीचा डबा जड आणि कोंड्याचा हलका भरतो. तुमचा डबा दोन्हींनी भरून वाण्याच्या काट्यावर एकदा तोला आणि वजन लिहून आणा. ज्यांच्याकडे जनावर नाही, त्यांनी आपल्या वाडीत हा पाठ वाचून दाखवा. कारण भात बहुतेक वेळा शेजारीच आणून देतात, आणि तेही चांगल्या मनाने.