दुर्बिणीनंतरची तारीख

संस्थेच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया व देणग्या यांचे आकडे दरवर्षी येतात. जे रुग्ण यावयास हवे होते व आले नाहीत, त्यांचा रकाना मात्र नसतो. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत, म्हणजेच कोलोनोस्कोपीत, हाच रकाना फार महत्त्वाचा असल्याचे आमच्या ध्यानात आले. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकीय भाग डॉक्टरांकडून समजून घेऊन येथे मांडीत आहोत.

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर कोंबासारखी वाढ होते, तिला पॉलिप म्हणतात. सर्वच पॉलिप धोक्याचे नसतात. परंतु ॲडेनोमा जातीच्या काही पॉलिपचे कालांतराने, बहुधा दहा वा अधिक वर्षांनी, कर्करोगात रूपांतर होते. दुर्बिणीतूनच तारेच्या फासाने तो काढता येतो. अमेरिकेतील राष्ट्रीय पॉलिप अभ्यासाने १९९३ मध्ये दाखवून दिले की, असे पॉलिप काढलेल्या रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी राहिले. मात्र ज्या आतड्यात एकदा ॲडेनोमा झाला, तेथे तो पुन्हा होऊ शकतो. म्हणून पुढील तारीख.

ही तारीख सर्वांना सारखी नसते. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण धोका असलेल्या व्यक्तीचे आतडे निर्दोष आढळल्यास पुढील तपासणी १० वर्षांनी. १० मिलिमीटरहून लहान असे एक-दोन ॲडेनोमा असल्यास ७ ते १० वर्षांनी, तीन-चार असल्यास ३ ते ५ वर्षांनी. पाच ते दहा ॲडेनोमा असल्यास, अथवा एखादा १० मिलिमीटर वा मोठा असल्यास ३ वर्षांनी. दहाहून अधिक असल्यास वर्षभरातच. २० मिलिमीटर वा त्याहून मोठा पॉलिप तुकड्यातुकड्यांनी काढला असेल, तर सहा महिन्यांनी. आतडे पुरेसे स्वच्छ होते व दुर्बीण शेवटपर्यंत पोहोचली होती, हे यात गृहीत आहे. कारण नसता रुग्णास दरवर्षी बोलावून दुर्बीण करणे हेही तितकेच गैर, असे आमचे मत आहे. धर्मादाय रुग्णालयाने तर तो मोह कटाक्षाने टाळावा.

आपल्याकडे हा कर्करोग पाश्चात्त्य देशांहून कमी आढळतो. शासनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची चाचणी आहे, आतड्याची नाही. नांदेड-लातूर भागातील बहुतेक रुग्ण आमच्याकडे येतात ते रक्त पडते म्हणून, आणि तेही अनेक महिने मूळव्याधीचे उपचार घेतल्यावर. त्यांना पुढे बोलावणारे दुसरे कोणी नाही.

एक उदाहरण सांगणे आवश्यक वाटते. कंधारकडील एका ऊसतोड मजुराचा १० मिलिमीटरहून मोठा पॉलिप काढला. तुकड्याचा तपासणी अहवाल आठ दिवसांनी आला. तोवर रुग्ण गावी गेला होता. अहवालावर ‘तीन वर्षांनी’ असे इंग्रजीत लिहिले होते. फाईलमधील दूरध्वनी क्रमांक मुकादमाचा होता. रुग्ण सहाव्या वर्षी आला तो कर्करोग घेऊनच. चूक रुग्णाची नव्हती, आमची होती. किराणा दुकानदाराच्या वहीतही येणे बाकीची तारीख असते. आमच्याकडे ती नव्हती.

त्यानंतर वही सुरू केली. नोंद रुग्णाच्या नावाने नव्हे, तर तारखेच्या महिन्याने. दोन क्रमांक, त्यांपैकी एक गावातच राहणाऱ्या नातेवाइकाचा. आणि रुग्णाच्या हाती मराठीतील कार्ड. तुकड्याचा अहवाल आल्याशिवाय व तारीख भरल्याशिवाय फाईल बंद होत नाही. याबाबत आम्हांस बार्शीचा आदर्श जवळचा वाटतो. तेथील ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली व तिच्या कार्यकर्त्यांनी रुग्णाची वाट न पाहता बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावे गाठली. पुढे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी पाठपुरावा झाला व त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. गावपातळीवर पाठपुरावा होत नाही, ही सबब त्यामुळे आम्हांस देता येत नाही.

अडचणी आहेतच. दिवाळीनंतर मजूर कारखान्यावर जातात ते उन्हाळ्यात परततात, आणि तेव्हा पाणी नसते. आतडे साफ करण्याचे औषध दोन ते चार लिटर द्रवातून घ्यावे लागते, रात्रभर शौचालय लागते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागातील माणसास ‘घरी भरपूर पाणी प्या’ असे छापील पत्रक देऊन काय उपयोग? म्हणून ज्यांच्या घरी सोय नाही, त्यांना आदल्या सायंकाळीच दाखल करून घेतो. या खाटेचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून होतो. देणगीदारांनी त्याची नोंद घ्यावी.

ज्यांची दुर्बीण आमच्याकडे झाली आहे व क्रमांक अथवा पत्ता बदलला आहे, त्यांनी तो नोंदणी खिडकीवर कळवावा. ज्यांच्या आई-वडिलांस वा भावंडांस हा कर्करोग झाला आहे, त्यांनीही तसे सांगावे. त्यांची पहिली तपासणी साधारणतः चाळिशीत, अथवा नातेवाइकास ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर असेल तेव्हा करावी लागते.